शंभर नावांची यादी

“दादा, एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचंय. फोनवर नाही सांगता येणार. रविवारी येतो. वहिनींनाही घरी थांबायला सांग.”

मिरजेच्या मावसभावाचा असा फोन आला तेव्हा मला आधी काळजीच वाटली. मावशीची तब्येत, मुलीचं शिक्षण, कुठे कर्ज तर झालं नाही ना, सगळं मनात येऊन गेलं. रविवारी तो आला, पण एकटा नाही. बरोबर टाय लावलेले एक गृहस्थ होते. त्यांना तो ‘सर’ म्हणत होता. चहा झाला. सरांनी विचारलं, “पैशाची चिंता नसती तर तुम्ही काय केलं असतं?” आम्ही काहीबाही बोललो. मग त्यांनी पिशवीतून पॅड काढलं, मधोमध एक गोल काढून त्यात माझं नाव लिहिलं, खाली दोन गोल काढले, त्यांच्या खाली चार. पाऊण तास झाला तरी विकायचं काय आहे ते मला कळलं नव्हतं. एवढ्या वेळात भाऊ एक शब्द बोलला नाही. तो फक्त माझ्याकडे बघत बसला होता.

मी ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली. माझ्या सख्ख्या मेहुण्याला ते जमलं नाही, त्याने पैसे भरले. पुढची दोन वर्षं या एका गोष्टीवरून आमच्या घरात जे झालं ते अनेक घरांत झालेलं आहे. कुणी त्याला चेन मार्केटिंग म्हणतं, कुणी नेटवर्क मार्केटिंग, कुणी नुसतं ‘बिझनेस’. ही साखळी आतून कशी चालते हे मी नंतर भावाकडूनच एकेक करून समजून घेतलं. ते समजल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला. म्हणून ते सविस्तर सांगतो.

सुरुवात होते ती एका वहीपासून. ‘जॉइनिंग’ झालं की पहिल्याच रात्री नव्या माणसाला शंभर नावं लिहायला सांगतात. नावं गाळायची नाहीत, कोण येईल आणि कोण नाही हे आपण ठरवायचं नाही, अशी सक्त सूचना असते. पंधरा-वीस नावांनंतर माणूस अडतो. मग त्याला आठवण करून देतात: लग्नातली आहेराची वही काढा, दहावीच्या वर्गाचा ग्रुप बघा, बायकोच्या भिशीतल्या बायका, हळदीकुंकवाला येणाऱ्या शेजारणी, मुलांच्या शाळेतले पालक, गावाकडचे चुलते. शंभर नावं पुरी होतात. ही यादी म्हणजे त्या माणसाने आजवर जोडलेलं सगळं आयुष्यच असतं. कुणाच्या दुखण्यात रात्र जागवली होती, कुणाच्या मुलाला कॉलेजात प्रवेश मिळवून द्यायला धावपळ केली होती, ते सगळं त्या यादीत असतं.

अनोळखी विक्रेता दारात आला तर आपण त्याला भाव विचारतो, घासाघीस करतो, नको म्हणून दार लावतो. मावशीचा मुलगा आला तर यातलं काहीच करता येत नाही. तिथे भीड आड येते. या धंद्याचं खरं भांडवल ही भीडच आहे. साबण, प्रोटीनची पावडर, चुंबकाची गादी, सहलीचं कूपन, ऑनलाइन कोर्स, माल कोणताही असो, तो विकला जातो भिडेपोटी. एरवी हा विश्वास मिळवायला कंपनीला वर्षानुवर्षं जाहिराती कराव्या लागल्या असत्या. इथे तो यादीतून फुकट मिळतो.

बरोबर आणलेल्या ‘सरां’चं काम आता लक्षात येईल. नव्या माणसाला बजावलेलं असतं की प्लॅन तू सांगायचा नाहीस. तू फक्त घेऊन जायचं, सरांची ओळख आदराने करून द्यायची आणि गप्प बसायचं. दार उघडतं ते नात्यामुळे आणि आत येऊन बोलतो तो परका. परक्याला अडचणीचे प्रश्न विचारावेत तर भावाचा अपमान होतो, आणि भावाला विचारावं तर तो म्हणतो, सरांना विचार. माझा भाऊ माझ्याकडे एकटक का बघत होता ते मला यावरून कळलं. मी सरांपुढे त्याचं तोंड खाली पडू देणार नाही, एवढीच त्याची अपेक्षा होती.

आता पैशाकडे येऊ. प्रत्येक योजनेचा हिशेब वेगळा असतो, पण आपल्याकडे फार फिरलेला प्रकार म्हणजे ‘बायनरी’. तुमच्या खाली एक डावा पाय, एक उजवा पाय. दोन्ही बाजूंना एकेक माणूस लागला की एक ‘पेअर’ जुळते आणि तिचं कमिशन मिळतं. पुढे खालचे लोक ज्यांना आणतील तेही तुमच्याच पायांत मोजले जातात. ‘तुम्ही फक्त दोन आणा’ हे वाक्य यातूनच येतं.

एक उदाहरण कागदावर मांडून बघा. समजा जॉइनिंग १०,००० रुपयांचं आहे, त्यात मिळणारा माल बाजारात २,५०० रुपयांना येतो आणि दर जोडीला १,००० रुपये कमिशन आहे. समजा सगळं अगदी सुरळीत झालं, प्रत्येकाने बरोबर दोन माणसं आणली, कुणी मागे राहिलं नाही आणि दहा थर भरले. एकूण माणसं झाली १,०२३. जमा झाले १ कोटी २ लाख ३० हजार रुपये.

सगळ्यात खालच्या थरात ५१२ जण आहेत. त्यांच्या खाली कुणीच नाही, त्यांना शून्य. त्यांच्या वरच्या २५६ जणांची एकेक जोडी झाली, त्यांना १,००० रुपये. त्यावरच्या १२८ जणांच्या तीन जोड्या, म्हणजे ३,०००. त्यावरच्या ६४ जणांच्या सात जोड्या, म्हणजे ७,०००. यांना मिळालेल्या मालाची किंमत धरली तरी १०,००० भरून निघत नाहीत. खालून पाचव्या थरापासून वर मात्र पैसे सुटू लागतात. तिथे माणसं किती? ३२, १६, ८, ४, २ आणि १, एकूण ६३. एक हजार तेवीस जणांतले ९६० जण तोट्यात आणि ६३ जण फायद्यात. अगदी वर बसलेल्याला ५ लाख ११ हजार. कमिशनचे सगळे मिळून ४० लाख ९७ हजार आणि मालाचे २५ लाख ५७ हजार ५०० वजा केले तर कंपनीच्या हातात ३५ लाख ७५ हजार ५०० रुपये उरतात. त्यातून तिने आपला खर्च भागवायचा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या योजनांवरचा नेहमीचा आक्षेप वेगळा असतो. लोक म्हणतात, एक दिवस माणसं संपतील. ते खरंच आहे. दोनाचे चार, चाराचे आठ असं करत गेलं तर सत्तावीस थरांत मिळून १३ कोटी ४२ लाखांवर माणसं लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. पण या आक्षेपाला मीटिंगमध्ये उत्तर तयार असतं: देशाची लोकसंख्या एवढी मोठी आहे, रोज नवी मुलं अठरा वर्षांची होतात, माणसं कशी संपतील? ऐकणाऱ्याला ते पटतं.

माणसं संपण्याची वाट बघायची गरजच नाही. वरच्या उदाहरणात अकरावा थर भरा. १,०२४ नवे लोक आले, एकूण २,०४७ झाले. खालचे ६४ जण वर सरकून फायद्यात गेले, हे खरं. पण आता फायद्यात १२७ आणि तोट्यात १,९२०. प्रमाण तेच राहिलं: शंभरातले सहा. बारावा थर भरा, विसावा भरा, प्रमाण हलत नाही. साखळी जोरात धावत असते, हॉल भरलेले असतात, स्टेजवर नव्या गाडीची चावी दिली जात असते, त्या क्षणीसुद्धा बहुसंख्य लोक तोट्यातच असतात. तोटा साखळी तुटल्यावर येत नाही, तो तिच्या आकारातच असतो. आणि हे आदर्श चित्र झालं. प्रत्यक्षात एक पाय लांब वाढतो, दुसरा रिकामा राहतो आणि जोडीच जुळत नाही. वर दिवसाला अमुक इतक्याच जोड्यांचे पैसे मिळतील अशी ‘कॅपिंग’ असते.

काही कंपन्या जॉइनिंगवर पैसे देत नाहीत, खरेदीवर देतात. तिथे दर महिन्याला ठरावीक पॉइंट्सचा माल घ्यावा लागतो, नाहीतर त्या महिन्याचं कमिशन बुडतं. मग भावाच्या माळ्यावर न उघडलेले डबे साचतात. विकला गेला म्हणून जो माल कागदावर दिसतो तो पुष्कळदा सदस्यांनीच आपला ‘आयडी’ चालू राहावा म्हणून घेतलेला असतो. म्हणून ओळखायची खूण एकच धरावी: साखळीत नसलेला, साखळीत यायचं नसलेला माणूस हाच माल याच किमतीला आपणहून घेतो का? तशी गिऱ्हाइकं असतील आणि उत्पन्न त्यांच्याकडून येत असेल तर ती विक्री आहे. नसतील तर आतल्यांचेच पैसे आत फिरत आहेत.

स्पीक एशिया हे याचं मोठं उदाहरण. २०१० ते २०११ या काळात सिंगापूरची म्हणवणाऱ्या या कंपनीने ११,००० रुपये घेऊन सदस्य केले आणि घरबसल्या ऑनलाइन सर्व्हे भरायचे पैसे देऊ केले. नवे सदस्य आणले तर त्याचे वेगळे. सर्व्हे हा इथला माल. पण हे सर्व्हे विकत घेणारं बाहेरचं गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न २०११ मध्ये उघडपणे विचारला जाऊ लागला आणि त्याचं समाधानकारक उत्तर आलं नाही. पैसे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचा तपास सुरू झाला. त्यानंतरही बरेच सदस्य कंपनीच्या बाजूनेच उभे राहिले. थकलेले पैसे मिळावेत म्हणून काही सदस्य सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांना मध्यस्थ नेमलं. फसलेला माणूस फसवणाऱ्याची बाजू का घेतो, याकडे मी पुढे येतोच.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण मीटिंगमध्ये कायद्याचाच दाखला दिला जातो: कंपनी नोंदलेली आहे, जीएसटी नंबर आहे, कमिशनवर टीडीएस कापतात, म्हणजे सरकारमान्य आहे. यातल्या कशानेही योजना कायदेशीर ठरत नाही. टीडीएस हा उत्पन्नावरचा कर आहे, धंद्याच्या पद्धतीला दिलेली मान्यता नव्हे. खरा कायदा १९७८ चा आहे, ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बॅनिंग अ‍ॅक्ट’. सदस्य नोंदवण्यावर अवलंबून असलेल्या झटपट पैशाच्या योजना त्याने बंद केल्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की हा कायदा फक्त कंपनीच्या मालकाला लागू होत नाही. अशा योजनेत सदस्य नोंदवणं, तिच्यात भाग घेणं, तिच्यासाठी पैसे घेणं किंवा पाठवणं हेही त्यात बसतं. म्हणजे मेहुण्याकडून पैसे घेऊन पुढे पाठवणारा माझा भाऊसुद्धा.

२८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम काढले. त्यांनी थेट विक्रीला परवानगी दिली, पिरॅमिड योजनेला, म्हणजे माणसं आणण्यावर पैसे देणाऱ्या साखळीला, बंदी केली. त्यातल्या दोन तरतुदी घराघरांत माहीत असायला हव्यात. पहिली: विक्रेत्याने बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कंपनी कोणती, माल काय आणि भेटीचा हेतू काय हे स्पष्ट सांगायचं. ‘फोनवर नाही सांगता येणार’ हे वाक्य या तरतुदीच्या नेमकं उलट आहे. दुसरी: तुम्ही आणखी गिऱ्हाइकं आणलीत तर तुमच्या खरेदीचे पैसे भरून निघतील, असं सांगून माल विकायचा नाही. ‘दोन आणा, तुमचे पैसे वसूल’ हे त्या पॅडवरचं पहिलंच वाक्य होतं. याशिवाय लेखी करार, करार रद्द करता येण्याची मुदत आणि तक्रार निवारण अधिकारी हे कंपनीकडे असायलाच हवं. सीमारेषेवर मात्र वाद आहेत, आणि ते मोठ्या नावांबद्दलही आहेत: एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अ‍ॅमवे इंडियाच्या ७५७ कोटी रुपयांहून जास्त मालमत्तेवर टाच आणली, ती योजना पिरॅमिड असल्याचा आरोप करून. कंपनीने आपण नियमांनुसारच काम करतो अशी बाजू मांडली.

मग शहाणासुरता माणूस बाहेर का पडत नाही? माझ्या भावाने औषधाच्या दुकानात वीस वर्षं हिशेब ठेवला. आकड्यांत तो माझ्याहून पक्का. पण त्याला ‘निगेटिव्ह’ हा शब्द शिकवला होता. शंका घेणारा तो निगेटिव्ह, त्याच्यापासून लांब राहायचं, त्याचं ऐकलं तर स्वप्न मरतं. आणि बहुतेक घरांत शंका घेणारी पहिली व्यक्ती बायको असते. दर आठवड्याची मीटिंग, महिन्याचा सेमिनार, रात्री अकराला ‘सरां’चा फोन, यातून हळूहळू असं होतं की ज्यांच्याशी तो मनातलं बोलू शकेल अशी माणसं फक्त साखळीतलीच उरतात. तिथे त्याचं कौतुक होतं, टाळ्या पडतात. वीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिलेल्या माणसासाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या होत्या. हे मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. आम्ही कुणीच कधी वाजवल्या नव्हत्या.

दुसरं कारण शिकवणीत आहे. सिस्टिम कधी फेल होत नाही, माणूस फेल होतो, असं त्यांना शिकवतात. त्यामुळे पैसे आले तर श्रेय योजनेचं, आले नाहीत तर दोष आपला, आपण कमी मीटिंगा केल्या. आणि तिसरं, सगळ्यात जड: आपण आणलेली माणसं. योजना खोटी आहे असं मान्य करायचं तर मेहुण्याच्या, शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या समोर जाऊन ‘मी तुमचे पैसे घालवले’ असं म्हणावं लागतं. त्यापेक्षा ‘थोडा धीर धरा’ म्हणणं सोपं. कंपनीची बाजू घेणारे सदस्य आपल्या अब्रूचीच बाजू घेत असतात.

अशा माणसाशी वाद घालून काही होत नाही. मी घातला होता. चौथ्या मिनिटाला त्याने ‘तू निगेटिव्ह आहेस’ म्हटलं आणि आठ महिने आमचं बोलणं बंद झालं. मदत म्हणून एक आयडी घेणं तर त्याहून वाईट. तुमचा आयडी हा त्याच्यासाठी योजना चालते याचा पुरावा होतो, आणि पुढच्या घरी तुमचं नाव सांगितलं जातं. त्याला पैशाची खरंच गरज असेल तर उसने म्हणून किंवा मदत म्हणून सरळ त्याच्या हातात द्यावेत.

उपयोग झाला तो दुसऱ्या एका वहीचा. नावांची वही पहिल्या रात्री करून घेतात, पण जमाखर्चाची वही कुणीच करायला सांगत नाही. मावशीच्या वर्षश्राद्धाला आम्ही पुन्हा भेटलो. रात्री सगळे झोपल्यावर मी त्याला म्हटलं, “मला पटवायचं नाही, तुला पटवायचं नाही. दुकानाचा हिशेब लिहितोस तसा याचा एकदा लिहून काढू.” मिळालेलं कमिशन त्याला पैशापर्यंत पाठ होतं: दोन वर्षांत ३१,४०० रुपये. खर्च मात्र कधी एकत्र मांडलेलाच नव्हता. जॉइनिंग, दर महिन्याचा माल, सेमिनारची तिकिटं, कोल्हापूर-पुण्याच्या फेऱ्या, पेट्रोल, लॉजचं भाडं, टाय आणि ब्लेझर, सरांच्या जेवणाची बिलं. दोन पानं भरली. बेरीज त्यानेच केली. १,१८,०००च्या वर गेली. त्याने ती खालून वर पुन्हा एकदा करून पाहिली. मग वही मिटली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मी एवढंच विचारलं, “तू आणलेल्यांपैकी कुणाचे पैसे सुटले?”

“कुणाचेच नाहीत,” तो म्हणाला.

त्यानंतरचं काम कागदपत्रांचं होतं. पावत्या, बँकेतून पैसे गेल्याच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘सरां’चे निरोप, करार असेल तर करार, हे सगळं एकत्र करायचं. शेवटचा माल न उघडलेला असेल तर परत घेण्याची लेखी मागणी करायची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ऑनलाइन अ‍ॅपमधून पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवायचं, जितकं लवकर तितकं बरं. नुसती माणसं आणण्यावरच पैसे देणारी योजना असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्यायची. तीही एकट्याने नको, त्याच साखळीतल्या चार-पाच जणांनी मिळून दिली तर तिची दखल घ्यावी लागते. भावाने दोन डबे परत केले, त्यांचे थोडे पैसे आले. बाकीचे आले नाहीत.

त्याने अकरा जणांना आणलं होतं. त्या रात्रीनंतर एका रविवारी तो ती शंभर नावांची जुनी वही घेऊन बसला आणि त्यातल्या अकरा नावांपुढे प्रत्येकाची रक्कम लिहिली. मेहुण्याकडे तो सगळ्यात आधी आला. चौघांचे पैसे आता फिटले आहेत, पगारातून दरमहा थोडे थोडे करून. दोघांनी घ्यायला नकार दिला. शेजारचे मास्तर अजून त्याच्याशी बोलत नाहीत. तो दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यात पाचशे रुपये भरतो आणि वहीत तारीख लिहितो.